माळावरचं नेट आणि झाडावरचा फोन

"लॅपटॉप असला की कुठूनही काम होतं," हे मी साहेबांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ते वैतागले. "एक आठवडा करून दाखवा. शुक्रवारची मीटिंग बाहेरून नीट झाली तर तुमचं खरं, नाहीतर सोमवारपासून ऑफिस." मी शाळेच्या पुस्तकांची पानं मांडते. काम बसल्या जागेवरचं, पण ती जागा मला निवडता यावी, एवढाच माझा हट्ट. दोन कंपन्यांची सिमकार्डं, पॉवर बँक आणि आईच्या दशम्या घेऊन मी पुण्याहून बीडच्या एसटीत बसले.

बीडहून लिंबागणेश. ओळखीतून एका घरी खोली मिळाली, दोन वेळचं जेवण धरून दिवसाला पाचशे. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, आणि नको म्हटलं की आणखी अर्धी भाकरी. गणपतीचं दर्शन घेऊन शेजारच्या किराणा दुकानात नेटची चौकशी केली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले दुकानदार आप्पा म्हणाले, "माळावर लई रेंज हाय, ताई. पर लाईट गेली की टावरबी झोपतो."

"त्याला बॅटरी असते ना?"

"असती की. तीबी दमती."

गावात बसून काम करायचं तर पुणं काय वाईट होतं? गुरुवारी सकाळी रिक्षाने पायथ्याशी उतरून पाऊलवाटेने माळ चढले. जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या आणि पायात बूट घाला, कुसळं मोज्यांत घुसून जीव खातात. वर लिंबाखाली एका मेंढपाळ जोडप्याचं बिऱ्हाड होतं. मामा मेंढ्यांमागे गेले होते, मावशी चुलीपाशी होत्या. झाडाच्या वरच्या फांदीला एक कापडी पिशवी लटकत होती. त्यात काय आहे, हे विचारल्याशिवाय मला राहवलं नाही.

"फोन हाय," मावशी म्हणाल्या. "खाली ठिवला तर लागत न्हाई. वर वाजला की आकडीनं काढायचा." आकडी म्हणजे मेंढ्यांसाठी फांद्या वाकवायची, टोकाला आकडा असलेली लांब काठी.

मी माझाही फोन हॉटस्पॉट लावून पिशवीतून वर चढवला आणि खाली लॅपटॉप उघडला. नेट धो धो आलं. फोन उंच, आपण सावलीत. दिवसभराचं काम दुपारीच उरकलं आणि मी हरखून गेले.

शुक्रवारी गावात थांबणं शहाणपणाचं होतं, आप्पांच्या दुकानात इन्व्हर्टरवर चालणारं वायफाय होतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी पुन्हा माळावर गेले. सकाळपासून लाईट नव्हती. मीटिंग तोंडावर आली आणि माझी दोन्ही सिमं मुकी झाली. मावशींचं सिम तिसऱ्याच कंपनीचं, त्याला रेंज होती.

"मग आमचा लाव की," त्या म्हणाल्या. "कशाला रडती?"

अडचण एकच होती. शेतात मेंढ्या बसवल्या की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरी कळप बोलावून घेतात आणि धान्य देतात. पलीकडच्या गावच्या शेतकऱ्याचा आज फोन यायचा होता. इथलं गवत संपलेलं. फोन उचलला नाही तर तो दुसऱ्या कळपाला बोलावणार. आणि त्यांच्या जुन्या फोनवर कॉल आला की तो संपेपर्यंत नेट बंद पडायचं. दोन्ही एकदम जमणार नाही, हे मी त्यांना समजावलं.

"आधी तुझं होऊ दे," त्या म्हणाल्या. "त्याचा आला तर बगू."

मीटिंग सुरू झाली. माझी पाळी आली, मी पानं दाखवायला लागले, आणि झाडावर फोन वाजला. पडद्यावर साहेबांचा चेहरा गोठला. मावशी आकडी धरून उभ्या, पण पिशवीला हात लावीनात. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला खूप वाटलं, वाजून वाजून बंद होऊ दे.

"घ्या मावशी," मी म्हणाले.

त्यांनी घेतला. पण आपल्याकडे फोनवर थेट कामाचं कोण बोलतं? आधी त्याच्या आईचे गुडघे झाले, मग लेकीचं बाळंतपण, मग विहिरीचं पाणी, आणि शेवटी रान ठरलं. तोवर माझी मीटिंग आटोपली होती. मावशींनी माझा नंबर घेतला, त्या बिऱ्हाड आवरायला धावल्या आणि मी उतरणीला लागले. संध्याकाळी साहेबांचा निरोप आला: सोमवारी भेटू.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून थोडी रडलेसुद्धा. तुम्ही जाल तेव्हा नेट मिळेल, काळजी नसावी. फक्त अडीअडचणीच्या दिवशी गावात थांबा.

सोमवारी ऑफिसात सगळं ऐकून साहेबांनी विचारलं, "त्या बाईंना जरा थांबायला सांगता आलं नसतं?"

"फोन त्यांचा होता, सर," मी म्हणाले.

दुपारी अनोळखी नंबर वाजला. मागे मेंढ्यांचा कालवा. मावशींनी आधी माझ्या आईची तब्येत विचारली, प्रवासाचं विचारलं, मग म्हणाल्या, "पोरी, त्या दिशी तुझं काम झालं का गं?"

मी समोरच्या क्यूबिकलच्या भिंतीकडे बघितलं. "झालं, मावशी."

"मग बरं. लई घोर लागलता जिवाला."