वाटेसाठी केलेल्या भाकरी

गौरव्वा भाकरी कानाला लावायची. निखाऱ्यावर कडक केलेली, पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी ती डाव्या हातात धरायची, कानाशी न्यायची आणि उजव्या हाताच्या बोटाने टकटक करायची. आवाज पसंत पडला तर भाकरी चळतीवर, नाही तर परत विस्तवावर. "ओली भाकरी गप बसती, मास्तर," ती मला म्हणायची. "वाळली की बोलती. आन् एकदा बोलली की दोन-तीन म्हयने तिला काय बी व्हत न्हाई. कुटंबी न्या."

कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. गौरव्वा त्यांतलीच एक. शेळगीकडच्या आमच्या गल्लीत तिचं घर होतं. खाली ती एकटी आणि वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगा. मी शाळेत गणित शिकवत असे. गौरव्वाचा नवरा तरुणपणीच गेलेला. एकुलती मुलगी महानंदा गुलबर्ग्याला दिलेली, तिथे जावयाचं किराणा दुकान. गौरव्वा घरात कानडी बोलायची, दारात मराठी, आणि तोंड दोन्हीकडे सारखंच तिखट. सुनंदाची भाकरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हणाली, "यव्वा! भाकरी हाय का उशी? मास्तर जेवत्यात का डोकं टेकून झोपत्यात?" सुनंदा आठवडाभर रुसली आणि मग तिच्याकडेच भाकरी थापायला शिकली.

विस्तवाने तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानातलं अंगठा घेणारं यंत्र तिला ओळखायचंच नाही. दुकानदार वैतागायचा, रांग हसायची. "मशीन म्हनतं मी न्हाईच," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "बरं हाय की. यमाकडं बी हेच मशीन असंल तर लई बेस."

आज गल्लीत तिचं नाव निघालं की लोक हळहळतात आणि शेवटी म्हणतात, म्हातारीचा घरावर भारी जीव. लेक बोलावून थकली, पण घराचा मोह काही सुटला नाही. हे खरं नाही. ते खोटं कुठून सुरू झालं हे मला माहीत आहे आणि आता माझ्याशिवाय ते दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

तिचे गुडघे गेले होते. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी यायचं, तेव्हा हौदापासून मोरीपर्यंत घागर नेताना ती भिंत धरून चालायची. धुराने खोकला जडला होता. महानंदा फोनवर रोज म्हणायची, अव्वा, ये. पण रिकाम्या हातांनी लेकीकडे जाऊन राहणं तिला मान्य नव्हतं. "जावयाच्या दारात मिंधी हून बसू व्हय? घर इकते, पैका घेऊन जाते. मग बसते पाय पसरून." घर विकायचं ठरल्यावर तिने पहिल्यांदा मलाच विचारलं. "तुमी घेता का बगा. घेनार असाल तर दुसऱ्या कुनाला दावत न्हाई."

मला घर हवं होतं. मी बँकेत गेलो. पगाराची कागदपत्रं दिली. काही दिवसांनी गृहकर्जाच्या पूर्वमंजुरीचा कागद मिळाला. तिथला अधिकारी तरुण होता, पण बोलणं चोख. "सर, हे कर्ज नाही. तुमची एवढी ऐपत आहे, एवढंच आम्ही म्हणतोय. मुदतीत घराचा व्यवहार ठरवा, त्याचे कागद आणा, मग खरं कर्ज."

घरी येऊन मी गौरव्वाला सांगितलं, "कर्ज मंजूर झालं." माझं वाक्य एवढंच होतं.

तिने तो कागद हातात घेतला आणि नखाने टकटक केलं. "ह्यो तर वाजत न्हाई की वो मास्तर!" म्हणाली आणि पोटभर हसली. मग देवापुढे नारळ ठेवला. "घर तुमचं. माजा शबुद." बयाणा, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, मी देऊ केली नाही आणि तिने मागितली नाही.

त्याच आठवड्यात तिने प्रवासासाठी भाकऱ्या केल्या. एकेक कानाला लावून निवडली, पांढऱ्या धोतराच्या फडक्यात चळत बांधली आणि ट्रंकेवर ठेवली. "वाटंला व्हतील. आन् जावयाच्या घरी पयल्या दिशी माज्या हातचं असावं."

तेव्हा माझ्या मनात खोट नव्हती. पण मुलाची इंजिनिअरिंगची फी आली. कुणी म्हणालं, व्याजदर उतरणार आहेत, थांबा. सुनंदाला लिफ्टवाला फ्लॅट बरा वाटू लागला. मुदत संपली, मी बँकेतून पूर्वमंजुरी पुन्हा करून आणली. गौरव्वाने फडकं सोडलं, भाकऱ्या गल्लीत वाटल्या आणि नवी मुदत संपत आली तेव्हा ताज्या केल्या. आम्हालाही दर खेपेस वाटा यायचा. दही आणि शेंगाचटणीबरोबर त्या भाकऱ्यांसारखं दुसरं काही नाही. मी वरून हाक मारून दाद द्यायचो. ती खालून म्हणायची, "खावा, खावा. पुडच्या खेपंला गुलबर्ग्यास्नं पाठवीन."

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला माझ्या ध्यानात आलं की घर घेण्याची गरजच नाही. नुसती पूर्वमंजुरी पुरेशी आहे. ती असेपर्यंत गौरव्वा दुसऱ्याला घर विकणार नाही, नवा मालक येऊन आम्हाला बाहेर काढणार नाही, आणि भाडं तर तिने वर्षानुवर्षं वाढवलेलं नव्हतं. हे मी स्वतःशी इतक्या उघडपणे कधी बोललो नाही. पण हिशेब मला कळत होता. तोच माझा विषय होता.

मग करकंबचे एक बागायतदार आले. मुलांना शिक्षणासाठी शहरात ठेवायचं होतं, घर पसंत पडलं, पैसे तयार होते. मी दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होतो. खालचं बोलणं ऐकून मधल्या पायरीवर थांबलो.

"आजी, सांगा की आकडा. आज बयाणा देतो, म्हयन्यात खरेदी."

"घराला माणूस लागलाय, बाबा."

"कोन?"

"वरचं मास्तर. बँकेनं कर्ज मंजूर केलंय त्येंचं."

"कदी?"

"झालं की लई दिस."

तो माणूस हसला. "आवो आजी, बँकेचा तसला कागद म्हंजे पैसा न्हवं. बयाणा तरी घेतलाय का?"

"मास्तर हायती ते," गौरव्वाचा आवाज चढला. "बयाणा कशाला? तुमी ऊसवाले, तुमाला वजनकाट्याबिगर इस्वासच बसत न्हाई. चा घ्या आन् निगा."

मी पायरीवर उभा होतो. चार पायऱ्या उतरून एक वाक्य बोललो असतो, 'गौरव्वा, यांना द्या,' तर ती त्या महिन्यात गुलबर्ग्याला असती. मी पाऊल न वाजवता वर गेलो. सुनंदाने ते सारं गॅलरीतून ऐकलं होतं. "अहो, काय ते सांगून टाका ना तिला," ती म्हणाली. मी म्हणालो, "बघू." त्या रात्री जेवणात गौरव्वाची भाकरी होती.

खरं तर मला दिलेल्या शब्दातून ती एका नकाराने सुटली असती. मला तसं वाटायचं. एकदा मीच चाचरत म्हटलं, "गौरव्वा, उशीर होतोय, तुम्हाला दुसरं कुणी..." तिने हात उडवला. "आता मी फिरले तर लोक काय म्हनतील? मास्तरचं कर्ज मंजूर झालं आन् म्हातारीनं जास्तीच्या पैक्यापायी दगा दिला? न्हाई बा." मी तिला कोंडलं होतं आणि किल्ली तिने स्वतःची अब्रू म्हणून जपून ठेवली होती. ती किल्ली मी मागितली नाही. महानंदा फोनवर चिडायची, रडायची. गौरव्वा तिला मी उशीर करतोय हे सांगायची नाही. "घराचं काम हाय गं, हुईल," एवढंच. त्या 'घराचं काम हाय'चा महानंदाने जो अर्थ लावला, की अव्वालाच घर सोडवत नाही, तोच पुढे गल्लीचा झाला.

एका हिवाळ्यात खोकल्याचा ताप झाला आणि सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली. महानंदा पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. दोन दिवसांनी सामान आवरताना तिला ट्रंकेवर फडक्यात बांधलेली चळत सापडली. "एवढ्या भाकरी? कुनासाठी?" शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "सारखी करायची गं. गल्लीभर वाटायची. लई हात मोकळा." महानंदाने मान हलवली. "गल्लीला भाकरी घालत बसली. माज्याकडं यायला झालं न्हाई तिला." मी दारात उभा होतो. मग तिने तीही चळत वाटून टाकली.

जाताना ती मला म्हणाली, "मास्तरकाका, अव्वानं तुमाला शबुद दिलावता. मी मोडनार न्हाई." जुन्याच बोलीवर घर तिने आम्हाला दिलं. कर्ज तोवर नोकरीला लागलेल्या मुलाने काढलं. त्याला पूर्वमंजुरी मोबाइलवर आली, चहा निवायच्या आत.

आता सुनंदा नाही. मुलगा हैदराबादला असतो, चला म्हणतो. वरच्या खोल्या बंद आहेत. माझे गुडघे गेल्यापासून मी खालीच, गौरव्वाच्या खोलीत झोपतो. मोरीकडे जाताना मीही तीच भिंत धरतो. तिच्या हाताचा तेलकट पट्टा अजून आहे, रंग दिला तरी वर येतो. हे घर विकून जावं असं पुष्कळदा मनात येतं, पण ते विकायचा हक्क मला आहे असं वाटत नाही आणि राहायचा आहे असंही वाटत नाही.

महानंदा दरवर्षी संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला येते, ओट्यावर बसते. यंदा भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, "अव्वाला ही भिंत माज्याहून जवळची व्हती बगा." ती गेल्यावर मी हे लिहायला घेतलं. पण तिची शाळा कानडी. मराठी तिला बोलता येतं, वाचता येत नाही. छापून उपयोग नव्हता. काल फोन केला आणि इथपर्यंत सगळं वाचून दाखवलं. मागे दुकानातली गडबड ऐकू येत होती, ती हळूहळू थांबली. तिने बहुधा आत जाऊन दार लावलं असावं. शेवटी मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "महानंदा, त्या भाकरी गल्लीसाठी नव्हत्या. तुझ्याकडे यायच्या वाटेसाठी होत्या."

ती शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होतो.

मग तिने विचारलं, "किती येळा केल्या हुत्या तिनं?"

आम्ही दर वेळी खाल्ल्या होत्या, मोजल्या नव्हत्या.