टॅबवरची माटोळी

टॅबला बोट लावण्याआधी काका ते सदऱ्याला पुसत. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणत, "गाठ बसाक जाय, बाय." गाठ घट्ट बसली पाहिजे, हा एकच ध्यास.

पेडण्यातल्या दवाखान्यात अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्यांच्या हातांचे व्यायाम मी घेते. रबरी चेंडू दाबून लोक कंटाळतात, म्हणून टॅबवर चित्रं काढायला देते. बायका रांगोळी काढतात. मोपा गावचे हे काका मात्र पहिल्या दिवसापासून माटोळीच काढत. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांनी भरलेली चौकट टांगतात, ती तुम्ही पाहिली असेलच. नारळ, सुपारीचा घड, आंबाडे, कवंडळ, सगळं यायचं आणि प्रत्येकाला दोरीची गाठ. फळ वाकडं आलं तरी चाले, गाठ मात्र पुसून पुन्हा काढत. "काका, चित्रातलं फळ खाली पडत नाही," असं मी चिडवायची. ते हसत नसत.

त्याला कारण होतं. बायको गेल्यापासून ते एकटे. मुलगा वास्कोला, बंदरात. बाबांना माटोळी बांधता आली नाही तर यंदापासून गणपती आमच्या फ्लॅटवर, असं त्यानं सांगून टाकलं होतं. काकांचं घर वर्षातून तेवढ्या दिवसांतच माणसांनी भरायचं.

हात सुधारला. चतुर्थीला पंधरा दिवस असताना त्यांनी खुर्चीच्या दांड्याला खरी दोरी बांधली आणि मला ओढून बघायला लावली. सुटली नाही. मी इतकी हरखले की त्यांची चित्रं मुलाला पाठवून दिली. हात बरा झालेला त्याला दिसावा, एवढाच माझा शहाणपणा. पाठवायला हवा होता तो त्या गाठीचा फोटो.

मुलगा भारावला. सगळ्यात सुंदर चित्र त्यानं फ्लेक्सवर छापून घेतलं आणि वास्कोच्या फ्लॅटमध्ये, गणपती बसवायच्या जागेवर, छताला लावलं. आता बाबांना बांधायचा त्रासच नको, असं मला फोनवर म्हणाला.

चतुर्थीला मी व्हिडिओ कॉल केला. मुलानं कौतुकानं सगळं दाखवलं. फ्लेक्सखाली काका नव्या सदऱ्यात बसले होते.

"चित्र बरां जालां, बाय," ते म्हणाले. "आतां ह्या हातान काय करूं?"

मला फार लाज वाटली. तोंडातून सवयीचंच निघालं, "व्यायाम सोडू नका."

ते "बरां" म्हणाले. मोपाचं घर तेव्हापासून बंद आहे.