शेवटच्या बाकावर

चाचणीच्या बसमध्ये आम्ही सगळे पुढे, लॅपटॉपभोवती गर्दी करायचो. वसुधाताई मात्र शेवटच्या बाकावर मागे तोंड करून बसायच्या. मांडीवर पर्स, तोंडात आवळासुपारी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना बस लागत असावी. "अरे निखिल," त्या म्हणाल्या, "पुढे बसलं की आपला वेग दिसतो. मागे बसलं की त्याचं फळ दिसतं."

यजमानांच्या बँकेतल्या बदलीमुळे त्या कोलकात्यात आल्या आणि बालीगंजलाच रमल्या. सॉल्ट लेकमधल्या आमच्या छोट्या कंपनीत शाळेच्या बससाठी एक यंत्र बनत होतं. शाळेजवळचा रस्ता आला की ते बसचा वेग आपोआप पंचविसावर आणायचं, मग ड्रायव्हरचा पाय कितीही जोरात असो. हे यंत्र घ्या म्हणून ताईंनी कितीतरी शाळांचे उंबरठे झिजवले होते. शेवटी एक शाळा तयार झाली. सोमवारी काम सुरू होणार होतं, आणि ते हातचं गेलं तर कंपनीचं काही खरं नव्हतं.

शुक्रवारी शेवटची फेरी होती. मुलांच्या जागी वाळूची पोती ठेवली होती. एरवी आम्ही खालच्या रस्त्यानं जायचो, पण त्या दिवशी तो खणलेला होता, म्हणून आमचा ड्रायव्हर शंभूदा यानं बस उड्डाणपुलावर घातली. वर चढून वेग घेतो न घेतो तोच कुणी मानगूट धरावी तशी बस एकदम मंदावली.

"दीदी, ब्रेक आमि करि नी!" शंभूदा ओरडला. ब्रेक त्यानं खरंच दाबला नव्हता.

"ट्रक! बाँ दिके, शंभूदा, बाँ दिके!" मागून ताईंची किंकाळीच आली. त्यानं बस डावीकडे ओढली. ट्रक हॉर्न ठोकत इतक्या जवळून गेला की मागची काच थरथरली. शाळेचा रस्ता पुलाच्या बरोबर खाली होता. वरचा रस्ता कुठला न् खालचा कुठला, हे आमच्या यंत्राला कळतच नव्हतं. त्याच्या लेखी आम्ही शाळेच्या दारात होतो.

ऑफिसात परतून सांगितलं तेव्हा आमचे मालक सान्यालसाहेब घाबरले, पण सोमवारही त्यांना दिसत होता. "एक ही तो फ्लाईओवर है, मैडम. ड्राइवर को बोल देंगे, ऊपर से मत जाना."

ताई शांतपणे म्हणाल्या, "आपकी बेटी मिष्टी इसी स्कूल में है न? सोमवार को उसे पिछली सीट पर बिठाइए. बगल में मैं बैठूँगी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग फोन उचलून शाळेला नकार कळवला.

काम गेलं. पगार रखडले, निम्मी माणसं सोडून गेली. मला ताईंचा राग आला, चांगलाच आला. चार वर्षं जे मागितलं ते दारात आल्यावर यांनीच परत पाठवलं! त्या मात्र डबा खाताखाता एकच घोकायच्या, "यंत्राला शंका आली तर त्यानं बोंबलावं, पाय ओढू नये." म्हणजे वर की खाली हे नक्की नसेल, तर नुसता भोंगा वाजवायचा आणि वेग ड्रायव्हरवर सोडायचा. आम्ही तसा बदल करायला बसलो. तो पुरा व्हायच्या आत यजमान निवृत्त झाले आणि ताई नाशिकला निघाल्या. हावड्याला गाडीत चढताना म्हणाल्या, "त्या पुलावरून जाऊन आल्याशिवाय मला फोन करू नकोस."

गेल्या महिन्यात तीच शाळा परत आली. तोच पूल, तोच शंभूदा, तीच वाळूची पोती. पूल चढताना मी भोंग्याकडे कान लावून होतो. पलीकडे उतरलो आणि मी बसमधूनच नाशिकला फोन लावला.

"ताई, भोंगा वाजला."

"आणि बस?"

"अडखळली नाही. चालत राहिली."

त्यांनी विचारलं, "मागे काय होतं?"

"ट्रक. पण लांबच राहिला."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी शेवटच्या बाकावर बसलोय, ताई."