पाठीवरचा गुडघा आणि शाल-श्रीफळ

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, वर्तकनगर, आमच्या सोसायटीची गच्ची. हजर: अध्यक्ष, खजिनदार, सचिव म्हणून मी, पंधराएक सभासद, तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण, पाहुणे म्हणून पोलीस ठाण्याचे फौजदार आणि त्यांचा हवालदार. गैरहजर: शेजारणीचा भाऊ. तो रुग्णालयात होता.

सभा त्याच्यासाठीच होती. त्याला मानसिक आजार आहे, शिवाय दमा. आदल्या आठवड्यात औषधं चुकली आणि तो पार्किंगमधल्या कुंड्या फोडू लागला. दवाखान्यात न्यायला मदत हवी म्हणून बहिणीनेच पोलिसांना फोन केला. याच हवालदाराने त्याला पालथा पाडला, हात मागे बांधले, पाठीवर गुडघा रोवला. हात बांधून झाले तरी गुडघा निघाला नाही.

"दम लागतोय... दम..."

"साहेब, पालथा नका ठेवू, दमा आहे त्याला!" बहीण ओरडली.

"बोलतोय ना? म्हणजे श्वास चालू आहे," हवालदार म्हणाला.

मग त्याचं बोलणं थांबलं. ओठ निळे पडले, तेव्हा कुठे त्याला कुशीवर वळवला. बरगड्यांना तडे गेलेत, पण वाचला.

आणि सभेत सुरुवात कशाने, तर सत्काराने! पाहुणा आला की शाल-श्रीफळ, ही आमच्याकडची रीत. अध्यक्षांनी आधी फौजदारांना शाल घातली, मग हवालदारालाही. टाळ्या वाजल्या.

"साहेब, गेटसमोर रिक्षा लावतात ना, त्यांच्यावर पण बसा एकदा," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले. शेजारीण पुढच्याच खुर्चीत होती. मला शिसारी आली.

मी उभी राहिले. "माणूस ताब्यात आल्यावर पाठीवर भार द्यायचा नाही, असा नियम आहे का तुमच्याकडे?"

"गरजेपुरतंच बळ वापरायचं, असं आहे ना, मॅडम," फौजदार म्हणाले.

"गरज संपली हे कोण ठरवतं?"

"आता प्रत्येक गोष्ट कुठे लिहीत बसणार? आमच्या अंगावर धावून येतात, ते पण बघा की."

तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "पुन्हा झटका आला तर मी कोणाला फोन करू, तेवढं सांगा."

फौजदारांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "चला, चहा घेऊ या." बटाटेवडे आले आणि तिचा प्रश्न तसाच राहिला.

मी ठराव मांडला. पोलीस ठाण्याला लेखी मागणी: आजारी माणसाला पालथा दाबून ठेवू नये, पाठीवर, मानेवर भार देऊ नये, हात बांधताच कुशीवर वळवावं, एकाने फक्त श्वासावर लक्ष ठेवावं, पोलिसांसोबतच रुग्णवाहिका यावी. सूचक मी. अनुमोदन द्यायला एकाही सभासदाचा हात वर झाला नाही. "उगाच वैर कशाला, वहिनी?" खजिनदार वडा खात म्हणाले. शेजारणीने हात वर केला होता, पण घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, म्हणून ती सभासद नाही.

भाऊ येत्या शुक्रवारी घरी येतोय. त्याआधी दारोदार फिरून ठरावाला एक अनुमोदक मिळवायचा आहे. पहिला, दुसरा मजला झाला, अजून कोणी तयार नाही. तिसरा, चौथा बाकी.