लाल जीपची पूजा

महाडला बॅटरीच्या दुकानात मी स्कूटर घेऊन थांबलो होतो. उमरठच्या एसटीने आलेले एक आजोबा खांद्यावर नातवाची लाल जीप घेऊन दुकानात शिरले. पोरं आत बसून अंगणातल्या अंगणात चालवतात, तसली ती जीप. नातू दिवाळीसाठी त्याच संध्याकाळी मुंबईहून येणार होता आणि जीप जागची हलत नव्हती.

दुकानदाराने सीट उचलली. बॅटरी गंजली होती आणि आतून आंबूस वास येत होता.

"दसऱ्याला पूजा केली," आजोबा म्हणाले. "हिचं इंजिन सीटखाली हाय, म्हणून नारळाचं पाणी तिथंच वाहिलं."

दुकानदाराने जास्त वेळ चालणारी नवी बॅटरी बसवली. जीप चालली. लगेच आजोबांनी चपला काढल्या आणि पिशवीतून नारळ बाहेर काढला. दुकानदार चटकन जीपवर आडवा झाला. शेवटी तो नारळ माझ्या स्कूटरपुढे फुटला.

खोबरं चावत मी म्हणालो, "आजोबा, मागच्या पूजेनंच तर गाडी बंद पडली."

"पडली," आजोबा शांतपणे म्हणाले. "पण आजवर एक तरी अपघात झाला काय?"