आमची दुभाषी आत्या

आत्याने माझ्या बाबांना भर सभेत चोर म्हटलं. तेही इंग्रजीतून.

काल सकाळी सुधाआत्या गेली. झोपेतच, कोणाला त्रास न देता. आणि मला सगळ्यात आधी हेच आठवलं. सॉरी, आत्या.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. पंचवटीतल्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पण घरातली तिची खरी पोस्ट वेगळी होती. कोणाचंही वाजलं की निरोप घेऊन जायची ती आत्या. आजोबा ओरडायचे, "त्याला म्हणावं तोंड दाखवू नकोस!" आत्या येऊन माझ्या बाबांना सांगायची, "दिनू, बाबा जेवायला बोलावताहेत."

असल्या थापांवर आमचं घर टिकलं. खरंच सांगतो.

रिटायर झाल्यावर तिला एक काम मिळालं. सरकारी कामांचा हिशोब लोकांपुढे उघडा व्हावा म्हणून बऱ्याच देशांत धडपडणारी एक संस्था आहे. तिची माणसं आपल्याकडची जनसुनवाई बघायला आली होती. म्हणजे गावाने साहेबांना समोर बसवायचं आणि तोंडावर विचारायचं, आमच्या कामाचं काय झालं? केनियाचे दोघे, पेरूच्या एक बाई. त्यांना दुभाषी हवी होती.

गाव सुरगाण्याकडचं. गाडी मी चालवत होतो.

पोचलो तर पुढच्या खुर्चीत कोण? आमचे पिताश्री! बाबा पाणीपुरवठा खात्यात, तिथली पाणीयोजना त्यांच्या सहीने पूर्ण झालेली. तिथे दुभाषी आत्या असणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि योजना त्यांची हे तिला.

तिला बघून बाबा खूश. हळूच म्हणाले, "ताई, तू आहेस म्हणजे टेन्शन नाही. सांभाळून घे गं."

आत्या नुसती हसली.

मग जानकीबाई उठल्या. गावातल्याच, वय झालेलं, पण आवाज खणखणीत.

"टाकी हाय, नळ हाय, पानी नाय. ह्या सायबानं न बघता सही केली. ह्यो चोर हाय."



पाहुणे आत्याकडे बघताहेत. बाबा आत्याकडे बघताहेत. मी तर जमिनीकडेच बघत होतो.

आत्या घोटभर पाणी प्यायली. आणि वर्गात सांगायची तशा स्वच्छ आवाजात तिने सगळं सांगितलं. टाकी, नळ, सही. शेवटी, "धिस ऑफिसर इज अ थीफ."

पेरूच्या बाईंसोबत त्यांचा वेगळा दुभाषा होता. त्याने तेच पुन्हा त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हणजे दोन मिनिटांत बाबा तीन भाषांत चोर झाले.

आज हसू येतंय. त्या दिवशी परतताना मी दोनदा रस्ता चुकलो.

संध्याकाळी आत्याला बाबांचा फोन. स्पीकरवर नव्हता, तरी मला ऐकू येत होता.

"'साहेबांकडून चूक झाली' म्हणाली असतीस तर कोणाचं काय बिघडलं असतं? कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं असतं, दिनू."

संपलं. त्यानंतर दोघं बोलले नाहीत.

चौकशी झाली. वरच्या झऱ्यापासून टाकीपर्यंत पाइप टाकलेलाच नव्हता. काम पुन्हा झालं, गावात पाणी आलं. बाबांचं प्रमोशन गेलं. भाऊबीजेला आत्या गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. सख्खा भाऊ गंगापूर रोडला, स्कूटरवर दहा मिनिटांवर. दिवाळीचा डबा माझ्या हातून यायचा. बाबा हात लावायचे नाहीत. नुसते उठून आत जायचे.

मी एकदा चिडूनच विचारलं तिला. "आयुष्यभर सगळ्यांचं गोड करून सांगितलंस. तेव्हाच का हरिश्चंद्र झालीस?"

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अरे, घरातल्या भांडणात दोन्हीकडची माणसं माझीच. मी थाप मारली तर उद्या निस्तरेन. त्या बाईचं बोलणं मी बदललं असतं, तर तिला कधी कळलंही नसतं. पाणी मात्र आलं नसतं."

मग मेथीची आणखी एक जुडी सोडली. नंतर म्हणाली, "दिनू बारीक झालाय का रे?"

तिचं काम चालू राहिलं. केनियाच्या लोकांना आता त्यांच्याकडे अशी सुनवाई घ्यायची होती, म्हणून झूमवर त्यांना सगळं समजावून सांगायची. म्यूट करायला विसरायची आणि मधेच खिडकीतून भाजीवाल्याशी घासाघीस. नाशकातला मेथीचा भाव तिकडे पाठ झाला असेल!

काल अंत्यविधीला अमरधामला बाबा लांब उभे होते.

ही पोस्ट लिहून आज त्यांना वाचून दाखवली. तुमची परवानगी हवी म्हटलं. त्यात मी लिहिलं होतं, कामाचा लोड होता, वरून प्रेशर होतं, म्हणून न बघता सही झाली.

बाबा म्हणाले, "ते काढ."

"का?"

"प्रेशर-बिशर काही नव्हतं. ठेकेदार ओळखीचा होता आणि मला उन्हात डोंगर चढायचा कंटाळा आला. असं लिही."

"बाबा, फेसबुक आहे हे. तुमच्या ऑफिसचे सगळे वाचतील."

"वाचू देत." मग म्हणाले, "हे ताईला सांगायचं होतं रे. रोज ठरवायचो, उद्या जाऊ."

आणि माझे बाबा, साठी उलटलेला माणूस, ढसाढसा रडले. मी शेजारी बसून राहिलो.

आत्या, बाबा बोलले तसंच लिहिलंय. काही सांभाळून घेतलेलं नाही.

तुला आम्हा दोघांचा शेवटचा नमस्कार.