स्मारांदाआजीच्या चव्वेचाळीस बादल्या

आमच्या स्मारांदाआजीला मरायची घाई कधीच नव्हती, तयारीची मात्र भारी हौस. एकोणनव्वदाव्या वर्षी तिने जाहीर केलं, की आपलं पाणी ती जिवंतपणीच वाहून घेणार.

"तुमच्या भरवशावर गेले तर तिकडे घसा कोरडा पडून मरेन," ती म्हणाली.

मेलेलं माणूस पुन्हा कसं मरेल, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

डॅन्यूबला मिळणाऱ्या ज्यु नदीच्या काठी आमची रीत अशी. मेलेल्या माणसासाठी चाळीस दिवसांत चव्वेचाळीस बादल्या पाणी विहिरीवरून कावडीने आणून परक्या घरी ओतायचं. वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि दर बादलीला काठीवर एक खाच पाडायची. शेवटी ओढ्यावर सूर्याला साक्ष ठेवून वाहणाऱ्याने शपथ घ्यायची. तेवढं पाणी त्या माणसाला पलीकडे मिळतं. स्वतःचं स्वतः वाहिलेलं चालत नाही, ते दुसऱ्यानेच वाहावं लागतं.

हे काम मुलींचं. पण आमच्या घरच्या मुली इटलीत परक्यांच्या आज्या सांभाळायला गेलेल्या. उरलो मी. वय बावन्न, पोट भक्कम, पाठ नाजूक आणि पेशाने भूगोलाचा मास्तर. नकाशावर डॅन्यूब नदी उगमापासून समुद्रापर्यंत मी एका दमात दाखवतो. प्रत्यक्षात घरचं पाणीही बायको भरते.

आजी वेगळ्याच मातीची. सोळाव्या वर्षी बापाने ठरवलेला नवरदेव चर्चमध्ये ताटकळत ठेवून ती लोहाराबरोबर पळाली. सरकारी सामूहिक शेतीवाले गाय न्यायला आले, तेव्हा तिने गाय चांगल्या खोलीत पडद्याआड उभी केली आणि आत सासू आजारी असल्याचं सांगितलं. गाय हंबरली. "ऐकलंत ना, किती कण्हतेय बिचारी," आजी म्हणाली, आणि साहेब टोप्या काढून, हळू पावलांनी निघून गेले. दोन नवरे तिने पुरले. एक्याऐंशीव्या वर्षी आलुबुखाराच्या झाडावरून पडली, ती पडल्या जागची फळं वेचून, ओचा भरूनच घरी आली. मी शिडीवरून पडलो होतो तेव्हा तीन आठवडे रजा काढली होती. शिडीला पायऱ्या चार होत्या.

पाणी कोणाकडे ओतायचं, हेही तिनेच ठरवलं. रस्त्यापलीकडची सावेता. दोघींचा नऊ वर्षं अबोला होता, एका कोंबडीवरून.

"तिच्याकडे?" मी म्हटलं. "आजी, गावात दुसरं कोणी नाही का?"

"मैत्रिणीला पाणी देण्यात कसलं आलंय पुण्य? गप उचल कावड."

पहिले अकरा दिवस मी रोज एक बादली इमानाने वाहिली. बाराव्या दिवशी पाठीने जाब विचारला. जुलैचं ऊन, विहीर चर्चच्या मागे, आणि सावेताच्या अंगणात मात्र नवा कोरा नळ. मी फाटक लावलं, तिच्याच नळाखाली बादली भरली, तिच्याच पिंपात ओतली आणि काठीवर सुबक खाच पाडली.

"पांतेली, हे काय चाललंय?" सावेता दारातून म्हणाली.

"काकू, पाणी ते पाणी. ढग, नदी, नळ, सगळं एकच चक्र असतं. मी शाळेत शिकवतो."

तिने क्षणभर विचार केला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हणजे स्मारांदाला तिकडे जन्मभर माझ्या नळाचं पाणी प्यावं लागणार तर. बस, कॉफी टाकते."

अशा रीतीने उरलेल्या सगळ्या बादल्या कॉफीबरोबर पार पडल्या. माझं वजन दोन किलोने वाढलं.

चाळिसाव्या दिवशी सगळं गाव ओढ्यावर जमलं. आजी नव्या ओढणीत खुर्चीवर बसलेली. मी काठी वर धरली आणि सूर्याला तीनदा सांगितलं, की स्मारांदासाठी मी चव्वेचाळीस बादल्या वाहिल्या. तिसऱ्या खेपेला आवाज चिरकला. बायकांना वाटलं, नातवाचं प्रेम उचंबळून आलं. आजीने मला रीतीप्रमाणे नवा शर्ट दिला. गळ्याशी जरा तंग होता, पण मी तो मिरवला. देवाधर्मावर आपला विश्वास नाही, मग खोट्या शपथेचं काय एवढं, अशी मी माझी समजूत काढली. सुशिक्षित माणसाला हे फार सोपं जातं.

त्यानंतर ती आणखी पाच वर्षं जगली. गेल्या मार्चमध्ये, सूप खारट झाल्याची तक्रार करून दुपारी आडवी झाली, ती उठलीच नाही. पुरून आल्यावर जेवणं चालली होती, तेव्हा सावेता माझ्या शेजारी येऊन बसली.

"तिला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"नळाचं. अकरा दिवस तुझ्या बादलीतून सांडून विहिरीची वाट ओली व्हायची. बाराव्या दिवसापासून कोरडी ठाक. खिडकीतून सगळं दिसायचं तिला."

"मग बोलली का नाही?"

"तू शपथ घेतलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्या दारात उभी. नऊ वर्षांनी. हातात अर्धी बादली. म्हणाली, 'पोराने सूर्यासमोर खोटं सांगितलंय. आकडा पुरा करते, म्हणजे त्याला बाधायचं नाही.' रोज अर्धी अर्धी आणायची. बर्फ पडायला लागलं तरी येत होती. मी म्हटलं, 'मी आणते.' तर म्हणाली, 'तू तुझ्या कोंबड्या सांभाळ.'"

"पण स्वतःचं स्वतः वाहिलेलं तर..."

"तिला नाही मिळणार. हे काय तिला तू शिकवणार होतास? ते तिने तुझ्यासाठी वाहिलं. तिच्या वाट्याला तिकडे अकराच बादल्या आहेत, पांतेली."

मी भरल्या ताटावरून उठलो आणि गोठ्यामागे जाऊन ढसाढसा रडलो. माझी लाज मला इतकी कधीच वाटली नव्हती, आणि तशी वाटायला कारणं पुष्कळ झाली आहेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि कावड खांद्यावर घेतली. विहिरीपासून सावेताच्या दारापर्यंत चार वेळा थांबलो, बोललो एकदाही नाही. पिंपात बादली रिकामी केली, काठीवर खाच पाडली आणि धापा टाकत म्हटलं, "आता बत्तीस राहिल्या."

"तेहेतीस," सावेता म्हणाली. "त्या पहिल्या अकरांतल्या दोन तू अर्ध्याच आणल्या होत्यास."

मी बादली उचलली आणि पुन्हा विहिरीकडे निघालो.